मैदा वहिनी आणि सूर्यफुलाची टरफलं

पहाटे साडेचारला मैदा वहिनींचा दिवस सुरू व्हायचा. उठल्या की आधी त्या नवऱ्याच्या पायाचा अंगठा दाबायच्या. हाक मारून उपयोग नव्हता, मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्या फार्मवर मिस्त्रींनी उभी हयात दळणघरातलं मशीन चालवलं. मशीनने त्यांच्या दोन्ही कानांतलं सगळं काढून घेतलं आणि बदल्यात एक न थांबणारी शिट्टी ठेवून दिली. शेवटी एकदा मागून आलेली हातगाडी त्यांना ऐकू आली नाही, पायावरून गेली, आणि मालकांनी त्यांना घरी बसवलं. त्यांच्या जागेवर वहिनी लागल्या. मिस्त्रींची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. मैदा का, ते पुढे येईलच.

अंगठा दाबला की मिस्त्री उठून चहाचं आधण ठेवायचे. दोघं समोरासमोर बसून चहा घ्यायची. समोरासमोर, कारण ओठ दिसल्याशिवाय मिस्त्रींना बोलणं कळायचं नाही. दिवा गेला की संसारातलं बोलणं बंद.

घरात एकच ध्यास होता, मिस्त्रींच्या कानांना यंत्रं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की यंत्रं लावली तर बरंच ऐकू येईल, पण उशीर करू नका, कान फार काळ रिकामा राहिला की डोकं ऐकायचं विसरतं. पगार झाला की भाडं आणि किराणा वगळून राहील ते वहिनी बँकेत टाकायच्या. एका कानापुरतं जमलं होतं. मिस्त्री म्हणायचे, एकच घेऊ. तू बोललेलं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची सोय तेवढी जाईल. वहिनींना अर्धवट काम पसंत नव्हतं. घ्यायची तर दोन.

आणि नेमकं त्याच सुमाराला दळणघरावर गंडांतर आलं.

फार्मचा धंदा असा. एक दिवसाची पिल्लं आणायची, वाढवायची, आणि अंड्यावर यायच्या आधी तलंगा झालेल्या त्या कोंबड्या अंडीवाल्यांना विकायच्या. अंडीवाल्याला कळप एकसारखा लागतो. निम्म्या तलंगा दांडग्या आणि निम्म्या काडीपैलवान, असा माल त्याला नको असतो. मागच्या खेपेला तेच झालं होतं, वर कित्येकींच्या पाठी पिसं उपटून उघड्या पडलेल्या. अंडीवाले शेट येऊन चार तलंगा हातात धरून बघून गेले, अर्धा कळप नेला आणि अर्धा ठेवून गेले. जाताना मालकांना म्हणाले की पिसं उपटलेली कोंबडी मी खाटकाकडून घेतो, तुमच्याकडून नाही.

मालकांना हे फार लागलं. त्यांनी सगळ्यांना अंगणात गोळा करून सांगितलं की ही खेपही परत गेली तर दळणघर बंद. खाद्य बाहेरून तयार पोत्यांत येईल. मशीन भंगारात जाईल. वहिनी कुठे जातील ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. वहिनींच्या डोळ्यांपुढे मिस्त्रींचा दुसरा कान आला.

दळणघर म्हणजे पत्र्याची एक उंच खोली. एका बाजूला मशीन, आत गरगरणारे लोखंडी हातोडे, खाली अर्धगोल वाकवलेली जाळी. जाळीची भोकं जेवढी, तेवढं दळण बारीक. दुसऱ्या बाजूला मिसळायचं पिंप. भिंतीला लागून मका, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, मीठ आणि औषधी पावडरी. वहिनी कानांवर जाड गाद्यांचा पट्टा चढवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. नवऱ्याचं पाहून शहाणपण आलं होतं.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. पोतं त्या कधी कंबरेने उचलत नसत. पोत्याला मिठी मारायची, गुडघे वाकवायचे, श्वास सोडत मांड्यांवर उठायचं. कंबरेने उचलणारा माणूस दोन दिवस मर्द दिसतो आणि मग जन्मभर वाकडा चालतो. पावडरी त्या थेट पिंपात टाकत नसत, कारण मूठभर पावडर तशीच टाकली तर ती एका कोपऱ्यात जाऊन बसते आणि एका पिल्लाच्या वाट्याला सगळी येते. आधी थोड्या मक्यात हाताने कालवायची, मग आणखी मक्यात, मग पिंपात. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत.

पण वहिनींची खरी प्रतिष्ठा दळणात होती. मिस्त्री जरा भरडं दळायचे. वहिनी आल्या आणि त्यांनी सगळ्यांत बारीक जाळी बसवून घेतली. खाद्य मुठीत धरलं तर बोटांच्या फटींतून गळून जावं, असं त्या दळायच्या. शेडवर पिल्लं सांभाळणारा घोग्या, ज्याचा आवाज जन्मतःच बसलेला, तो पहिल्यांदा ते खाद्य बघून म्हणाला की वहिनी, हे कोंबड्यांना घालायचं की केक करायचा. त्या दिवसापासून त्या मैदा वहिनी झाल्या. त्यांना नाव आवडलं.

फार्मवर कोंबड्या तपासायला आठवड्याला एक डॉक्टरीणबाई यायच्या. वयाने लहान, स्कूटरवर, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मागची खेप फसल्यावर त्यांनी कारण शोधलं होतं. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात चोथा कमी पडतो, म्हणाल्या. चोथा मिळाला नाही की पिल्लाचं पोट अस्वस्थ राहतं, मग ते जमिनीवरचा भुसा खातं, पडलेली पिसं खातं, आणि पडलेली संपली की शेजारणीची उपटतं. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं घाला. तेलाच्या घाण्यावर ढिगाने पडलेली असतात.

मालक म्हणाले, पोसायला आणलेल्या जिवाला टरफलं घालायची? पण माल जवळजवळ फुकट होता. फुकट म्हटल्यावर मालकांचा विज्ञानावर विश्वास बसला. दळणघराच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईंनी खडूने प्रमाण लिहून दिलं आणि वहिनी कामाला लागल्या.

प्रमाण त्यांनी काटेकोर पाळलं. पण ज्या बाईने मक्याचा मैदा केला ती टरफलं तशीच टाकेल? वहिनींनी ती बारीक जाळीतून दळली. हाताला खरखर लागली, म्हणून पुन्हा दळली. टरफलं दळणं म्हणजे छळ असतो. ती हलकी, वर उडतात. काळी धूळ नाकात, पापण्यांवर, दातांवर बसते. जाळी चोंदते, मशीन थांबवून ब्रशने घासावी लागते. यात वहिनींची रोजची सकाळ लांबली आणि कंबर भरून येऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहत नव्हतं, पगारात त्याने काही फरक पडणार नव्हता. टरफलांचं काजळ झालं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

नवी पिल्लं मोठी होऊ लागली. आणि एके दिवशी घोग्याने शेडमधून मान बाहेर काढून बातमी दिली की पुन्हा तेच. एक तलंग चोचीत पीस घेऊन पळतेय आणि दहा जणी तिच्या मागे, जणू लुटीचा माल. जमिनीवरचा भुसा कोपऱ्यांतून चाटून साफ. कळपात लहानमोठं दिसायला लागलेलं.

मालकांना पहिला संशय आला की टरफलं घातलीच जात नाहीत. त्यांनी खाद्याचा नमुना तपासायला पाठवला. अहवाल आला, चोथा सांगितला तेवढा आहे. माल पूर्ण आणि गुण शून्य. डॉक्टरीणबाईंनी कारण सापडेपर्यंत रोज यायचं ठरवलं. वहिनी घरी गेल्या त्या चहा न घेता बसल्या. मिस्त्रींनी ओठांकडे बघितलं, पण ओठ हललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी गर्दीत चेंगरून एक तलंग मेली. डॉक्टरीणबाईंनी ती धुण्याच्या ओट्यावर घेतली आणि वहिनींना हाक मारली, धरायला कोणीतरी हवं म्हणून. पोट उघडून त्यांनी एक छोटी पिशवी बाहेर काढली. कोंबडीला दात नसतात, तिचं चावणं पोटात होतं. जाड स्नायूंची ती पिशवी आवळते, सुटते, आवळते, आणि आतला दाणा भरडला जातो. थोडक्यात, पोटातलं जातं. डॉक्टरीणबाईंनी ते वहिनींच्या तळहातावर ठेवलं. ओल्या मोज्यासारखं लिबलिबीत होतं. चिरून पाहिलं तर आत खाद्याचा चिखल आणि लाकडाच्या भुशाचे चार कपटे.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने चिखल चाळला. "टरफलं कुठायत?"

"घातलीत. तोलून. चिमूट कमी नाही."

"मग एक तरी दाखवा मला."

"दिसतील कशी? दोनदा दळलीत, बारीक जाळीतून."

डॉक्टरीणबाई शेजारच्या पोत्यावर बसल्या. कोणी सांगितलं होतं दळायला, असं त्यांनी विचारलं, पण आवाज रागाचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, सांगायला कशाला लागतं, लेकराच्या तोंडात टरफल घालतं का कोणी.

डॉक्टरीणबाई पोत्यावरून उठल्या. मग वहिनींचा दंड दाबून बघितला. तो लाकडासारखा होता.

"हा असा कशाने झाला, वहिनी?"

"पोती उचलून."

"आणि पोत्यांऐवजी रोज उशा उचलल्या असत्या तर?"

वहिनी हातातल्या लिबलिबीत पिशवीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कोणाला हे समजवायला तासभर लागला असता. वहिनींना एका वाक्यात कळलं, कारण काम न मिळालेल्या अंगाचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. पिल्लाच्या जात्याला त्यांनी जन्मापासून बसून खायला घातलं होतं. त्याच्या वाटणीचं दळण त्यांनी स्वतः दळलं, तेही दोनदा. पिल्लं मग भुसा खाणार नाहीत तर काय करतील? काही तरी खरखरीत मिळावं म्हणून तीच धडपड चालली होती.

कामचुकारपणाने बिघडलेली कामं जगात पुष्कळ आहेत. हे जादा कामाने बिघडलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चूक निम्मी माझी. किती घालायचं ते लिहिलं, केवढं घालायचं ते लिहिलंच नाही. चोथा धूळ होऊन गेला तर कागदावर दिसतो, पोटाला दिसत नाही. टरफलं टरफलांसारखी जायला हवीत, जरा मोडलेली, आणि मकाही भरडा.

वहिनींना वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. अंडीवाले शेट यायला अजून अवकाश होता, आणि दुखणं कळलं होतं. त्या ओट्यावरून थेट दळणघरात गेल्या आणि जाड भोकांची जाळी शोधू लागल्या. फळीवर नाही, पत्र्यामागे नाही. घोग्या दारात टेकून मजा बघत होता. म्हणाला, मैद्यावरून कोंड्यावर आलात की, वहिनी. जुनी जाळी कधीच भंगारात निघाली.

भंगारात. वहिनी जागच्या जागी थांबल्या. मग कपाळावर हात मारून हसायला लागल्या. मिस्त्रींची जाळी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला होती. त्यांनी बारीक जाळी बसवली तेव्हा मिस्त्रींनी जुनी घरी मागवून घेतली होती, मांजर आत येऊ नये म्हणून.

त्या दुपारी रस्त्यावरच्या लोकांनी एक वेगळाच देखावा बघितला. वहिनी तरातरा घरी आल्या, पान्हा काढला आणि खिडकी सोडवायला लागल्या. मिस्त्री झोपेतून उठून बघतात तो बायको खिडकी उपटतेय. त्यांना वाटलं, दळणघर बंद झालं आणि हिचं डोकं फिरलं. वहिनींनी तोंडासमोर तोंड आणून सगळं सांगितलं, इतक्या भरभर की मिस्त्रींना ओठांवरून निम्मंच कळलं. पण निम्म्यावर त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले की जाळी सपाट केलीय, तशी मशीनमध्ये बसायची नाही, वाकवावी लागेल, आणि ते तुझं काम नाही. मांजराचं काय, असं वहिनींनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "येऊ दे. दूध पिईल, आणखी काय करील?"

मिस्त्रींनी शर्ट बदलला. घरी बसवल्यापासून ते फार्मच्या फाटकात गेले नव्हते. एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने वहिनी, मधे जाळी, अशी वरात निघाली. मिस्त्रींनी ती जाळी रिकाम्या लोखंडी पिंपावर आडवी ठेवली आणि लाकडी हातोडीने कडेपासून ठोकत आणली. मधूनच ठोकली की पोक येतो. कडेपासून, थोडं इकडे थोडं तिकडे, आणि दर वेळी डोळा लावून बघायचं. घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये. वहिनी घाईने जळत होत्या, पण गप्प उभ्या राहिल्या. जाळी मशीनमध्ये बसली, बोल्ट आवळले, मशीन सुरू केलं. मिस्त्रींनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि एका बोल्टकडे बोट दाखवलं. तो अर्धा आटा सैल होता.

पहिलं भरडं खाद्य बाहेर पडत होतं तेवढ्यात मालक आले. त्यांनी मूठभर हातात घेतलं. मक्याचे तुकडे, टरफलांचे कपटे, सगळं डोळ्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलं, हे खाद्य आहे की अंगणातला केर. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि पिशवीची सगळी हकिगत सांगितली. मालकांनी ऐकून घेतलं. अंडीवाला परत गेला तर तुम्ही दोघींनी त्याला ओढून आणायचं, असं म्हणून ते निघाले. जाताना मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनींना त्याच दिवशी सगळ्या शेडमध्ये भरडं घालायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी आवरलं. आयुष्यभर उशा उचललेल्याच्या पाठीवर एकदम पोतं द्यायचं नाही. आधी जुन्या खाद्यात थोडं मिसळा, मग वाढवत न्या. आणि टरफलं चांगली म्हणून मुठीने वाढवू नका, पोट भरतं पण अंग भरत नाही. वहिनींना थांबणं जड गेलं, पण हुकूम पाळला. रोज थोडं जास्त भरडं, रोज थोडा कमी मैदा.

पिल्लांनी पहिले काही दिवस चलाखी केली. मोठे तुकडे टिपायचे आणि तळाची धूळ ठेवायची. त्या धुळीतच औषधं आणि मीठ. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला, दिवसातून एकदा भांडी पूर्ण रिकामी होऊ द्या, त्याआधी नवं घालू नका. घोग्याला दया यायची, पिल्लं ओरडतात म्हणायचा. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. ताट स्वच्छ झाल्याशिवाय दुसरं वाढायचं नाही, हा त्यांच्या घरचाच नियम होता. दुपारी भांड्यांवर चोचींचा जो टकटकाट व्हायचा तो आता वेगळा होता, कोरडा, भरीव. वहिनी दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि घरी जाऊन मिस्त्रींच्या तळहातावर बोटांनी तो टकटकाट वाजवून दाखवायच्या.

एका सकाळी घोग्या धापा टाकत दळणघरात आला. मशीनच्या आवाजात त्याचा बसलेला आवाज कुठला ऐकू यायला. त्याने वहिनींचा पट्टा कानावरून उचलला आणि घोगरला, "वहिनी, बुडालो. सगळीकडे पिसंच पिसं पडलीत."

मशीन बंद करून त्या धावत शेडमध्ये गेल्या. खरंच, भुशावर जिकडेतिकडे पिसं. इतकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंचा यायचा दिवस होता, त्यांची स्कूटर फाटकात दिसताच घोग्या तिकडे पळाला आणि त्यांना बुटांसकट जवळजवळ ओढत आणलं. डॉक्टरीणबाईंनी जमिनीकडे पाहिलं, मग एकेक तलंग धरून पाठ बघितली, शेपटी बघितली. आणि भुशात मटकन बसून टाळ्याच वाजवल्या.

घोग्याला वाटलं, या बाईंचंही गेलं.

त्या म्हणाल्या, अरे, वाढत्या पिल्लाची पिसं गळतातच, जुनी जातात, नवी येतात. आजवर तुला ती दिसत नव्हती कारण पडली की खाल्ली जायची. आता पडून आहेत. कोणाला नकोयत. पाठी बघ, एकही उघडी नाही.

घोग्या खाली वाकला, एक पीस उचललं, एका तलंगेच्या चोचीपुढे धरलं. तिने बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याने ते पीस टोपीत खोचलं आणि दिवसभर तसाच हिंडला. वहिनी दळणघरात परत जाताना अंगणातच दोन पावलं धावल्या, मग कोणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा धावल्या.

पुढे पाय मोडलेली एक तलंग मारावी लागली, तेव्हा वहिनींनी ती स्वतः ओट्यावर नेली. पोटातलं जातं बाहेर निघालं ते मुठीत भरणारं, टणक, तांबडं. बोटांनी दाबलं तर बोटंच दुखली. वहिनी ते घेऊन थेट मालकांच्या खोलीत गेल्या. मालक जेवत होते. वहिनींनी त्यांचा डावा हात धरून तळव्यावर ते ठेवलं आणि म्हणाल्या, दाबून बघा. मालकांनी दाबलं. खुश झाले, पण इतकंच म्हणाले, "वहिनी, शिजवून तरी आणायचं."

अंडीवाले शेट आले तो दिवस उजाडला. वहिनींनी त्या पहाटे मिस्त्रींचा अंगठा जरा जोरातच दाबला असावा, कारण मिस्त्री उठून बसले आणि म्हणाले की मी पण येतो. दोघं शेडच्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आत जायची वहिनींची छाती होत नव्हती. डॉक्टरीणबाई नखं खात होत्या. घोग्याने टोपी काढून हातात धरली होती.

शेट जुने खेळाडू. दारातल्या तलंगा त्यांनी बघितल्याच नाहीत. दारात चांगल्या उभ्या करतात हे त्यांना ठाऊक होतं. सरळ मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे दबलेल्या, मागे पडलेल्या जमतात. तिथून एक उचलली, काट्याला लावली. मग मधली एक. मग दुसऱ्या कोपऱ्यातली. काट्याचा काटा दर वेळी जवळजवळ तिथेच थांबत होता. त्यांनी एकीची छाती चाचपली, पंख उघडला, पिसं उलटी करून मुळाशी पाहिलं. मग आणखी एक उचलली. मालकांच्या कपाळावर घाम. बाहेर वहिनी मिस्त्रींचं मनगट धरून उभ्या, आणि मिस्त्री दारातून शेटच्या तोंडाकडे टक लावून. इतक्या लांबून ओठ वाचणारा तिथे तेवढा एकच माणूस होता.

शेटचे ओठ हलले. मिस्त्री वहिनींकडे वळले आणि आतून कोणी बाहेर येऊन सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, "सगळ्या नेतो म्हणतोय."

वहिनी खाली बसल्या. मग रडल्या, मग हसल्या, मग घोग्याला दटावलं की बघतोस काय, पिंजरे आण. शेटनी जाताना खाद्याचं भांडं उचलून आतलं भरडं बोटांनी पसरून पाहिलं आणि पुढची खेपही माझीच, असं मालकांना बजावलं. मालकांनी अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं की दळणघर चालू राहील. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर जुन्या प्रमाणाशेजारी खडूने एक टरफल काढलं, खऱ्या मापाचं, आणि खाली लिहिलं, एवढं.

वहिनी दळत राहिल्या. नवीन पिल्लं आली, वाढली, गेली. पुन्हा आली. मैदा हे नाव तसंच राहिलं, लोक नावं बदलत नाहीत. आणि मग एका पगारानंतर दोघं बँकेत गेली आणि तिथून कानाच्या डॉक्टरांकडे.

त्या सगळ्या पोत्यांच्या, धुळीच्या आणि भरलेल्या कंबरेच्या पगारातून दोन यंत्रं आली, दोन कानांमागे दोन. डॉक्टरांनी ती लावून दिली आणि सांगितलं की सुरुवातीला सगळंच मोठं वाटेल, धीर धरा. मिस्त्री रस्त्याने चालताना मधेच थांबायचे, मान वळवायचे, पुन्हा चालायचे. एका सायकलची घंटा वाजली तेव्हा सगळ्यांत आधी तेच बाजूला झाले.

घरी आल्यावर वहिनी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासायला बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना एक मोकळीक मिळाली होती. पाठ फिरवली की वाटेल ते पुटपुटायचं. सवयीने त्या पुटपुटल्या, "माणूस आल्या आल्या बसतो. चहाचं म्हणून काही नाव काढील तर शपथ."

"ठेवतोय आधण," मागून मिस्त्री म्हणाले. "काल काय पुटपुटत होतीस, तेही सांगून टाक."